सरांचा कच्चा अर्ज

आमच्या सरांच्या क्लासात कुठलाही फॉर्म थेट मशीनवर भरायला बंदी होती. आधी कच्चा अर्ज. म्हणजे पडद्यावर जेवढे रकाने दिसतात तेवढे पट्टीने आखून कोऱ्या कागदावर उतरवायचे, पेन्सिलीने भरायचे आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. सर लाल पेनाने तपासत. खाडाखोड झाली की दुसरा कागद, दुसरा अर्ज. पसंत पडला की वरच्या कोपऱ्यात ‘पक्का करावा’ असा शेरा आणि खाली सही. मग मशीनला हात लावायचा. परीक्षेचा फॉर्म असो की नुसता ई-मेल उघडायचा असो, सुटका नाही. मी क्लासात पहिल्यांदा गेले त्या दिवशी एका मुलीने कच्च्या अर्जात पासवर्डसुद्धा भरून दिला होता आणि सरांनी त्याचं शुद्धलेखन सुधारलं होतं.

क्लास डोंबिवली पूर्वेला, एका पिठाच्या गिरणीच्या वर. खाली दळण चालू असलं की वर टेबलं थरथरायची आणि की-बोर्डवर पांढरा थर बसायचा. म्हणून काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, जुन्या साड्यांची पांघरुणं शिवली होती. बारा मशिनी, बारा पांघरुणं. पूर्वी तिथे टाइपरायटर होते. टाइपिंगची सरकारी परीक्षा संगणकावर गेली तशी सरांनी मशिनी आणल्या, पण खोलीला ते शेवटपर्यंत ‘इन्स्टिट्यूट’च म्हणत. मी कळव्याहून तिथे दुपारची संगणकाची बॅच घ्यायला जायचे. डिप्लोमा झालेला, नोकरी नाही, तेवढ्यात दोन वर्षं गेली.

सर भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत आणि मनगटाची बटणं लावत. कानावर पेन्सिल, खिशात लाल आणि निळं पेन. मशीनसमोर बसलेल्या माणसाला ते अहोजाहो करत, मग ती सोळा वर्षांची पोरगी का असेना. “अहो, पाठ सरळ. मनगट उचला.” तीच मुलगी उठून पाणी प्यायला गेली की, “अगं, चप्पल नीट ठेव.” ह्याचं कारण मी एकदा विचारलं तर म्हणाले, “काम करणाऱ्या माणसाला मान द्यायचा असतो. पाणी पिणं म्हणजे काम नव्हे.”

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून चारदा यायचं. “बटण दाबायला अक्कल लागत नाही. थांबायला लागते.” नव्या मुलांना वाटायचं, काहीतरी मोठं तत्त्वज्ञान आहे. जुन्यांना माहीत होतं की ह्याचा अर्थ आज काहीही पक्कं होणार नाही, उद्या या.

काकू दाराशी टेबल टाकून प्रवेशाचं काम बघायच्या. त्या ह्या सगळ्याला मुळीच भीक घालत नसत. “साखरपुड्यानंतर ह्यांनी मला पत्र पाठवलं,” त्या मुलींना ऐकू जाईल अशा बेताने मला सांगायच्या, “वर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं, ‘कच्चे’. पक्कं अजून यायचंय.” सर आतून ऐकायचे. त्यांना ते खोटं आहे असं म्हणता येत नसावं.

ह्या माणसाचं खरं काम मात्र वेगळंच होतं. मराठी टाइपिंग शिकताना सगळ्यात दुबळी पडते ती करंगळी. जुन्या पद्धतीच्या की-बोर्डवर च, अनुस्वार आणि पहिला उकार हे सगळं तिच्याच वाट्याला येतं, आणि परीक्षेत मुली तिथेच अडखळतात. बाजारातल्या पुस्तकांत करंगळीसाठी वेगळा सराव नसतो, म्हणून सरांनी स्वतः उतारे लिहिले. एक-दोन नाही, तीनशेच्या वर. ‘चिंचपाड्याच्या चिंतामणने चुलत चुलत्यांच्या चपला चुकून चढवल्या आणि चारचौघांत चांगलीच चर्चा झाली’ हा पहिला. पुढे ह्या चिंतामणचं लग्न होतं, तो टेंभी नाक्यावर चहाचं दुकान काढतो, ते चालत नाही, तो कळव्यात खोली घेतो. अडीचशेव्या उताऱ्यापर्यंत त्याला नातवंडं झालेली असतात. परीक्षा पास होऊन गेलेल्या मुली पुढच्या बॅचच्या मुलींना थांबवून विचारायच्या, “चिंतामणचं काय झालं गं?”

हे उतारे झेरॉक्सवर होते आणि ते मिळवायला, त्यावर सराव करायला, इन्स्टिट्यूटमध्येच यावं लागायचं. मुरबाडहून, शहापूरहून मुली येत. एक तासाच्या सरावासाठी जाऊन-येऊन तीन-चार तास. सरांना ते सलायचं. घरात भावाचा फोन किंवा शाळेतला एखादा संगणक असला, तर त्यांना जागच्या जागी उतारे मिळावेत, चुकलेलं अक्षर लाल व्हावं, वेळ मोजला जावा, एवढीच त्यांची इच्छा. ते सगळं चालवणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहून दिला होता. आता तो ठेवायला जागा हवी होती, इंटरनेटवर, चोवीस तास चालणारी आणि फुकट. मुलींकडून एक रुपया घ्यायचा नाही हे सरांचं आधीच ठरलेलं.

अशी जागा असते हे त्यांना ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं. एक मोठी परदेशी कंपनी कुणालाही एक लहानसं मशीन कायमचं फुकट वापरायला देते. मशीन त्यांच्याकडे, किल्ली आपल्याकडे. फक्त नाव नोंदवून, ओळखीपुरतं बँकेचं कार्ड देऊन खातं उघडायचं. दुसऱ्या कुणाला हे दहा मिनिटांचं काम वाटलं असतं. सरांनी त्या कंपनीच्या अटी छापून आणल्या, सत्तेचाळीस पानं निघाली, झेरॉक्सवाल्याकडून त्यांना स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि रोज सकाळी पूजेनंतर दोन पानं वाचायला लागले. शब्दकोश शेजारी. समजलेल्या ओळीसमोर लाल टिकली.

वाचलेलं ते दुपारी आम्हाला सांगायचे. एका माणसाला एकच खातं. कार्ड, फोन, ई-मेल एकदा वापरलं की ते पुन्हा चालत नाही. अर्ज नाकारला तर कारण सांगण्याचं बंधन कंपनीवर नाही. आणि खातं दुसऱ्या कुणाला वापरायला देता येणार नाही. ते सर्वांना दोनदा वाचून दाखवलं. “लक्षात घ्या,” सर म्हणाले, “खाली ‘मला मान्य आहे’ असं बटण आहे. ते बटण नाही, तो आपला शब्द आहे.”

मशीन कुठल्या गावी हवं ते सुरुवातीलाच सांगावं लागतं आणि नंतर बदलता येत नाही. मुंबई किंवा हैदराबाद. ह्यावर चार महिने गेले. मुंबईत फुकटच्या मशिनींना नेहमी ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी येते, असं लोक इंटरनेटवर कुरकुरत होते. ते वाचून सर एकदम प्रसन्न झाले. “मुंबईत जागा नव्हती म्हणूनच तर आमचे वडील डोंबिवलीला आले. यंत्राला तरी तिकडे कशाला पाठवायचं?” कच्च्या अर्जात हैदराबाद लिहिलं गेलं. तो त्यांचा कितवा कच्चा अर्ज होता कोण जाणे. दोन वर्षं झाली तरी त्यावर ‘पक्का करावा’ असं काही ते स्वतःला लिहून देईनात. कधी उतारा एकशे बारामध्ये चूक सापडायची, कधी कंपनी अटी बदलायची आणि नवी पानं छापून आणावी लागायची.

ह्याच सुमारास मला कोलशेतच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. योगायोग असा की बाबांची कंपनीही कोलशेतलाच होती. ती बंद पडून दीड वर्ष झालेलं, बाबा घरी बसलेले आणि घर आईच्या पोळीभाजी केंद्रावर चाललेलं. त्यामुळे ती नोकरी मला नुसती हवी नव्हती, लागणारच होती. मुलाखत घेणारा माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा. त्याने माझी फाइल चाळली आणि मिटली.

“सर्टिफिकेट सगळेच आणतात गं. काहीतरी चालवून दाखव ना. रेडिमेडवाली साइट नको, पूर्ण सर्व्हर तू स्वतः लावलेला पाहिजे. पुढच्या मंगळवारी ये, आपण लाइव्ह बघू.”

बुधवारी मी सरांना सांगितलं. साइट तयारच होती, आईच्या केंद्राच्या ऑर्डरी घेणारी. फक्त सर्व्हर म्हणून ते फुकटचं मशीन माझ्या नावावर घ्यायचं होतं. सर अत्यंत खूश. लगेच कच्चा अर्ज मागितला. मी पत्त्यात लिहिलेलं, ‘रूम नं. ७’, पुढे चाळीचं नाव आणि कळवा. सरांनी लाल पेन उघडलं.

“हा काय पत्ता झाला? पोस्टमन हिंडत बसेल.”

“सर, तिकडून कुणी पत्र नाही पाठवणारे.”

“पत्ता म्हटला की तो पुरा हवा.” आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली: बुद्धविहाराच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर. मग शेरा, मग सही. आपल्याकडे पत्ता असाच सांगतात, त्यात मलाही काही गैर वाटलं नाही. मी तस्साच्या तस्सा भरला आणि बटण दाबलं. अर्ध्या तासाने मेल आला. तुमची नोंदणी पूर्ण करता येत नाही. बास. पुन्हा प्रयत्न केला तर हे कार्ड, हा फोन, आधीच वापरलेले. दोनदा नाकारलं गेल्यावर बँकेनेही माझ्या कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद करून टाकले, त्यामुळे पैसे भरून दुसरीकडे घ्यायचा रस्ताही गेला. बाबांच्या कार्डाला जोडलेला नंबर आमच्या जुन्या, बंद पडलेल्या फोनचा. बँकेत गेले तर म्हणाले, नंबर बदलायला आठ दिवस लागतील.

शुक्रवारी दुपारी मी क्लासात गेले तेव्हा सर ते स्पायरलचं बाड पुढ्यात घेऊन बसलेले. एकतिसावं पान उघडं. पत्ता कार्ड देणाऱ्या बँकेच्या नोंदीत असेल तसाच भरावा, असं तिथे होतं. बँकेच्या नोंदीत माझा पत्ता ‘रूम नं. ७’वाला, तोकडा. विहार नाही, टाकी नाही. आणि त्या ओळीसमोर सरांची लाल टिकली होती.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझी चूक,” ते म्हणाले.

दाराशी काकूंनी पावती फाडायची थांबवली. पस्तीस वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांनी ऐकले नव्हते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. खरं कारण तेच होतं का, हे आजही कुणाला माहीत नाही. ती कंपनी सांगत नाही. पण सरांना शंका नव्हती. मी म्हटलं, “असूदे सर, दुसरी नोकरी बघेन.” ते मी उगाच म्हटलं. त्या रात्री घरी मी आईशी धड बोललेसुद्धा नाही, आणि सरांचा मला इतका राग आला होता की उद्यापासून क्लासला जायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं.

शनिवारी गेले ती फक्त माझी वही आणायला. बॅच चालू होती. सर माझ्या मशीनपाशी आले, वरचं पांघरूण काढलं आणि स्वतः खुर्चीत बसले. हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी दुसऱ्याच्या मागे उभे राहत. खिशातून एक पाकीट काढलं. त्यात त्यांचं क्रेडिट कार्ड. एका बँकवाल्या विद्यार्थ्याने आग्रहाने दिलेलं, तीन वर्षांत एकदाही न वापरलेलं. ते कार्डाच्या मागे चिकटलेला डिंक नखाने खरवडू लागले आणि मला काय चाललंय ते कळलं.

“सर, तुमचं एकच खातं होणार. ते उताऱ्यांसाठी आहे.”

“मंगळवार कुणाचा आहे?”

“माझा. पण सर, कच्चा अर्ज तरी...”

“नको.”

बाकीच्या अकराही मशिनींवरचा खडखडाट थांबला. मुली माना वळवून बघायला लागल्या. सर दहाही बोटांनी, न बघता, भरभर भरत गेले. नाव, बँकेतला पत्ता, हैदराबाद. शेवटी ‘मला मान्य आहे’पाशी त्यांचा हात थांबला. ते मान्य केलं की खातं दुसऱ्याला वापरू न देण्याचा शब्द दिला जाणार होता, आणि ते खातं मला वापरायला देण्यासाठीच तर ते बसले होते. मला वाटलं, उठतील. उठले असते तर मला बरं वाटलं असतं, असं आज म्हणवतं. त्या क्षणी मात्र मी मनात ‘दाबा, दाबा’ म्हणत होते.

त्यांनी दाबलं. ओटीपी त्यांच्या बटणवाल्या फोनवर आला, तो काकूंनी आणून दिला, आणि सरांनी परीक्षेत उतारा सांगावा तसे सहा आकडे संथपणे मला सांगितले. दहा मिनिटांत खातं उघडलं.

पुढचं सगळं सरळ झालं. रविवार-सोमवार खपून मी मशीन लावलं, मंगळवारी कोलशेतला चालवून दाखवलं. त्या माणसाने मुद्दाम दोन गोष्टी बंद पाडून मला त्या परत चालू करायला लावल्या, त्या झाल्या. शुक्रवारी नेमणुकीचं पत्र आलं. ते आईने दोनदा वाचलं आणि बाबांनी हातात धरून ठेवलं. त्या नोकरीला आता सहा वर्षं होतील. बाबांना त्याच वर्षी मी डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं, धाकटीचं शिक्षण झालं. हे सगळं त्या एका दुपारचं देणं आहे हे मी कधी विसरत नाही.

सरांचे उतारे आजही झेरॉक्सवरच आहेत. माझ्या नावावर जागा घेते, तिथे ठेवते, असं मी त्यांना दरवर्षी सांगते. ते म्हणतात, उतारे माझे, त्यातल्या चुका माझ्या, तेव्हा खातंही माझंच हवं. आणि त्यांच्या नावावर आता खातं मिळत नाही. त्याचं कारण सांगायचं तर पत्र आल्यावरच्या शनिवारचं सांगावं लागेल.

मी पेढे घेऊन गेले. सरांनी एक खाल्ला, बाकीचे बॅचला वाटायला लावले आणि म्हणाले, “तुझी साइट तिथून काढून घेतलीस का?”

“हो सर. आता आपण उतारे चढवू. मी लावून देते सगळं. संध्याकाळपर्यंत मुली घरून सराव करतील.”

“उतारे नाही. ते खातं बंद करायचंय. बसा.”

मला वाटलं, नेहमीसारखी एखादी चूक सापडली असेल. मी म्हटलं, चूक नंतर दुरुस्त करता येईल, तो कागद नाही. ते मान हलवत राहिले. मग मी चिडले. सरांशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. “सर, ह्यात काय झालं एवढं? कुणाला कळणारे? सगळे एकमेकांची खाती वापरतात.”

“ ‘मला मान्य आहे’ म्हणालो मी,” सर म्हणाले. “म्हणताना मला माहीत होतं, मी खोटं बोलतोय.”

काकू दारातून उठून आल्या. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. “अहो, दोन वर्षं त्या कागदांवर बसलाय. उतारे तेवढे जाऊ द्या तिथे. मग काय ते बंद करा.”

“हिच्यासाठी एकदा खोटं बोललो, ते चालेल,” सर म्हणाले. “माझ्यासाठी नाही बोलणार.”

काकू परत दाराशी जाऊन बसल्या. मी खातं बंद करायचं पान उघडून दिलं. हे खातं कायमचं बंद होईल, ह्या माहितीवर पुन्हा उघडता येणार नाही, अशी सूचना पडद्यावर आली. सरांनी ती मागे उभं राहून दोनदा, पुरी वाचली. मग माझ्या खांद्यावरून हात पुढे घेतला आणि बटण दाबलं. चार वाजले होते. ते हजेरीपट घेऊन दुसऱ्या टोकाला गेले.

मी रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. नोकरीचं पत्र पर्समध्ये होतं आणि मी त्या माणसावर, स्वतःवर, त्या सत्तेचाळीस पानांवर रागावून तिथेच बसून रडत होते. तेवढ्यात चारची बॅच जिना चढून आली. एक मुलगी माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली. केस धुळीने भुरे झालेले, हातात उताऱ्याची घडी.

“ताई, हे माझं मशीन आहे. मला पाच सव्वीसची कसारा लोकल पकडायची आहे.”

मी उठले. तिने उतारा मशीनला टेकवून उभा केला आणि दम न घेता टाइप करायला लागली. ती त्यानंतर आठ महिने शहापूरहून येत होती, आठवड्यातून तीनदा. हे मी पुढे काकूंना विचारून घेतलं, कारण निदान तेवढं तरी मला माहीत असायला हवं होतं.